पहिल्या देखाव्यातले आभाळ

बाबा, तुमचा तो गेम मी सुरू केला. तुमचा म्हणजे दुकानातला, पिवळ्या कॅसेटचा. तुम्ही तो कधी खेळला नाहीत, हे मालेगावात बहुधा मला एकटीलाच माहीत होते, आणि तरीही मी ते कोणाला सांगितले नाही. लोकांच्या लेखी टीव्ही दुरुस्त करणारा, पन्नाशी उलटलेला एक माणूस दिवसभर पोरासोरांचा विमानाचा गेम लावून बसत असे. बसस्थानकावर मला ऐकू येईल अशा बेताने कोणीतरी म्हणे, "वकीलीनबाईचा बाप इमान उडवून राह्यला." मी काळा कोट हातावर टाकून वाशिमची एसटी धरत असे आणि ऐकले नाही असे दाखवत असे. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आधी वस्तुस्थितीची नोंद करावी आणि मग वाद मांडावा, अशी मला सवय आहे. ती तुम्ही लावलेली नाही, पण तुमच्यामुळे लागली, असे म्हणता येईल.

गेल्या उन्हाळ्यात मी वकिली थांबवली. आई गेल्यावर मालेगावच्या घरातून जी चार खोकी माझ्याकडे वाशिमला आली होती, त्यांतले शेवटचे मी तेव्हा उघडले. आत गेमचे मशीन होते, आणि जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेली ती कॅसेट. मशीन नव्या टीव्हीला जोडले तर लाल दिवा लागला, चित्र आले नाही. धाकट्या भावाची मुलगी, जी तुमच्यानंतर जन्मली आणि पुण्यात संगणकाचे काम करते, फोनवर म्हणाली, "आत्या, ते मशीन राहू दे. एम्युलेटर टाकते तुझ्या लॅपटॉपवर." एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. तो संगणकाला सांगतो की काही वेळापुरते तू संगणक नाहीस, तीस वर्षांपूर्वीचे खेळण्याचे मशीन आहेस. कॅसेटमधला मजकूर तिने कुठूनसा मिळवला. कॅसेट माझ्या ताब्यात आहे म्हणून तिच्या मजकुराची प्रत बाळगण्याचा हक्क मला मिळतो का, हे मला विचारू नका. उत्तर मला माहीत आहे आणि ते माझ्या सोयीचे नाही.

पहिल्या दिवशी चित्र पडदाभर ताणलेले आले. विमानाशेजारी उभा असलेला वैमानिक आडवा सुटलेला, झाड बुटके, टेकड्या भाकरीसारख्या चपट्या. "आस्पेक्ट रेशो चारास तीन कर," पोरगी म्हणाली, "तेव्हाचे टीव्ही चौकोनी होते ना." ते केल्यावर वैमानिक पूर्ववत झाला, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. पण चित्र फार धारदार होते. रंगाचा प्रत्येक ठिपका विटेसारखा वेगळा दिसत होता, आणि झाडाची पाने म्हणजे हिरव्या फरश्यांचा ढीग. मग फिल्टर शोधले. जुन्या काचेवर दिसत त्या बारीक आडव्या रेषा आणणारा एक, कडा पुसट करणारा एक, आणि एक असा की ज्यात मशीन टीव्हीला कोणत्या वायरीने जोडले होते तेही निवडावे लागते. तुमचे मशीन अँटेनाच्या वायरीने जोडलेले होते. मी ती निवडली तेव्हा कडांना तोच थरथरता ओलसरपणा आला. या सगळ्याची मी वहीत नोंद ठेवली: डावीकडे सेटिंग, उजवीकडे परिणाम. व्हिडिओ कॉलवर ती वही पाहून पोरगी हसली. "आत्या, तू गेम खेळतेस का केस चालवतेस?" मी म्हटले, "केस." तिला तो विनोद वाटला.

केस तुमची आणि माझी आहे. मुद्दा एकच आहे: ज्या पुराव्यावर मी तुमचे दुकान बंद पाडले, तो पुरावा खरा होता की नाही.

तो गेम तुम्ही का ठेवला होता, ते आधी लिहिते, कारण हे लिहायला आता दुसरे कोणी उरलेले नाही. पूर्वी सकाळी कार्यक्रम सुरू होण्याआधी टीव्हीवर उभे रंगीत पट्टे दाखवत, आणि त्या पट्ट्यांवर तुम्ही दुरुस्तीला आलेल्या टीव्हीचे रंग बसवत असा. पुढे केबल आली, कार्यक्रम दिवसभर चालू झाले, पट्टे गेले. असे पट्टे दाखवणारे यंत्र शहरातल्या मोठ्या दुकानांकडे असे, तुमच्याकडे नव्हते. तुम्हाला असे चित्र हवे होते, जे आजही तेच, उद्याही तेच, आणि हलणार नाही. बातम्या सांगणारी बाई रोज निराळी साडी नेसते, तिच्यावर रंग बसवता येत नाहीत. कोणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेल्या त्या मशीनमध्ये तुम्हाला ते चित्र सापडले. गेम सुरू करायचा, पहिल्याच देखाव्यावर थांबवायचा. त्यात रुंद आभाळ होते, तांबूस माती होती, एक हिरवे झाड आणि वैमानिकाचा चेहरा. तुम्हाला लागणारे सगळे रंग एका काचेवर. मग दुरुस्तीच्या टीव्हीचा रंग पूर्ण उतरवून चित्र आधी काळेपांढरे करायचे, पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या कार्डावरचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारीक स्क्रू फिरवून पांढरे खरोखर पांढरे करायचे, आणि त्यानंतरच रंग चढवायचा. शेजारी दुकानाचा स्वतःचा टीव्ही, त्यावर तोच देखावा, ताडून पाहायला. त्या टीव्हीच्या स्क्रूंना तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हता. ही पद्धत कोणत्याही पुस्तकात नव्हती, आणि पुस्तकात असती तरी तुम्ही ती वाचली नसती. इंग्रजी पुस्तकांतल्या फक्त आकृत्या तुम्ही वाचत असा. ती पद्धत निर्दोष होती, हे मी आज कबूल करते. तेव्हा मी लोकांना तिला गेम खेळणे म्हणू दिले.

आता माझी बाजू. तीही नोंदली गेली पाहिजे.

मला सोल्डर, म्हणजे कथील वितळवून तार जोडणे, शिकवायला तुम्ही बसवलेत तेव्हा मी अकरा वर्षांची आहे. घरात एकच प्लग आहे आणि तो स्वयंपाकघरात आहे, म्हणून आईला तव्यासकट एका बाजूला सरकावे लागले आहे. मी तार लावते, तुम्ही नखाने टिचकी मारता, जोड सुटतो. पुन्हा. पुन्हा टिचकी, पुन्हा सुटतो. आई म्हणते, "जेवू द्या ना जी तिले, भाकर थंडी होऊन राह्यली." तुम्ही तार पुन्हा माझ्यापुढे सरकवता. नवव्या वेळी माझ्या बोटाला चटका बसतो आणि मी ओरडत नाही, कारण ओरडले तर तो दहावा दोष होईल. तुम्ही माझ्या हातातून तापलेले आयरन काढून घेता आणि आईकडे पाहत मला म्हणता, "तुये हात कापते वं. राहू दे. तू आपलं बोलाचं काम कर." आवाज चढलेला नाही. एखाद्या पार्टवर 'खराब' असे लिहून तो डब्यात टाकावा, तसे तुम्ही ते म्हणालात. मी बोलण्याचे काम केले. शाळेतल्या वादविवादाच्या ढाली आणल्या, अमरावतीला तर्कशास्त्र घेऊन बी.ए. केले, मग कायदा. आणि तुम्ही दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, मी समोर असताना, तोच विनोद सांगत राहिलात: "हिले आयरन धरता येत नोतं, म्हनून कोर्टात धाडली." सगळे हसत. त्यात कौतुक होते, असे आई म्हणायची. असेल. पण कौतुक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते करणाऱ्यावर असते, आणि तुम्ही ती कधी पार पाडली नाहीत.

सनद मिळाली त्या दिवशी माझ्याबरोबरच्या एकीला तिच्या वडिलांनी शाईचे पेन दिले. तुम्ही मला लाल मुठीचा टेस्टर दिलात. "कोर्टात करंट हाये का नाई, पाहत जाय." पुन्हा सगळे हसले. मीही हसले. मला हसता येत होते, हे तुम्ही ध्यानात घेतले नाहीत.

तुमची नजर मंदावल्याचे सर्वांआधी मला कळले, कारण तुम्ही ते फक्त मला कळू दिलेत. रेझिस्टन्सवर रंगांचे बारीक पट्टे असतात, त्यांवरून त्याचे माप कळते. तुम्ही ते पट्टे वाचायला दारापर्यंत, उन्हात जाऊ लागलात. मग एका रविवारी मुठीतला रेझिस्टन्स माझ्यापुढे धरून, दुसरीकडे बघत म्हणालात, "हे काय हाये, तपकिरी का लाल?" मी सांगितले, लाल. त्यानंतर रविवारी मी दुकानात आले की दहा-पंधरा रेझिस्टन्स एका वाटीत वाट पाहत असत. मी वाचून देई, तुम्ही चिठ्ठ्या लावून ठेवत असा. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. सबंध आयुष्यात तुम्ही माझ्याकडून जे काम घेतलेत आणि ज्यात चूक काढली नाहीत, असे ते एकच काम होते. मला ते आवडत होते. हेही नोंदते.

आणि मग तो शनिवार. कोर्टाला सुट्टी आहे, मी दुकानात बाकावर बसून एका अपिलाचे कागद वाचते आहे. शेजारचा शिंपी पान खात उभा आहे, दोन गिऱ्हाइके ट्रान्झिस्टर घेऊन आली आहेत. रिसोड रस्त्यावरच्या एका गावचे हेडमास्तर जीपमधून उतरतात. त्यांचा टीव्ही गोधडीत बांधलेला आहे. आठवड्यापूर्वीच तुम्ही तो दुरुस्त करून दिला होता.

"जयभीम. घ्या तुमचा टीवी," हेडमास्तर म्हणाले. "घरचे जेवू देऊन नाई राह्यले मले. बातम्यावाली बाई वांग्यावानी दिसते. वांग्यावानी!"

"मंग भरीत करा ना, मास्तर," शिंपी म्हणाला.

सगळे हसले, तुम्ही नाही. तुम्ही विचारलेत, "मास्तर, टीवीच्या बाजूले टेपरेकॉर्डर तं नाई ठेवला?"

"ठेवला. मंग? त्यानं त्या बाईले काय होते?"

तुम्ही उठून गोधडी सोडू लागलात. टीव्ही लावून पाहायचा, हा तुमचा बेत होता. आणि मी म्हटले, "थांबा, बाबा. आधी एक मुद्दा ठरू द्या." घरात आपण बोलतो ती भाषा मी त्या दिवशी वापरली नाही, कोर्टातली वापरली. दुकानाच्या टीव्हीवर गेमचा पहिला देखावा थांबलेला होता. मी बोट दाखवले. "या आभाळाचा रंग कोणता?"

तुम्ही काचेकडे पाहिलेत, मग माझ्याकडे. "कोन्या टीवीवर पाहून राह्यली तू?"

"प्रश्नाला प्रश्न नको. हा समोरचा."

"समोरच्यावर जांभळं. तसंच पाह्यजे ते."

मी बाकीच्यांकडे वळले. "तुम्ही सांगा. आभाळ निळंच आहे ना?"

शिंप्याने पान गालात सरकवले. "आता आभाळ म्हनल्यावर निळंच असन ना, बाई." हेडमास्तर म्हणाले, "निळंच." ट्रान्झिस्टरवाल्या दोघांनी माना हलवल्या. वकील विचारते आहे, तर उत्तर तिला हवे तेच असणार, हे मालेगावात सगळ्यांना कळते.

"मास्तर," मी म्हटले, "टीव्ही वाशिमला दाखवा. बाबांना आता रंग नीट दिसत नाहीत. रेझिस्टन्सवरचे पट्टेसुद्धा दर रविवारी मी वाचून देते."

तुम्ही सुटलेली गोधडी पुन्हा बांधलीत, गाठ ओढून पाहिलीत, आणि हेडमास्तरांचा टीव्ही स्वतः उचलून जीपमध्ये ठेवलात. तो त्या दिवशी लावलाच गेला नाही. दुकानाचा टीव्ही आणि हेडमास्तरांचा टीव्ही शेजारी ठेवून, एकच देखावा दोन्हींवर पाहून, दोन मिनिटांत निकाल लागला असता. सर्वांत महत्त्वाचा पुरावा दाराशी आलेला असताना मी तो दाखल होऊ दिला नाही. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असते आणि ते काचेवरचे रंग ओढून घेते, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होते. तुम्हीच दाखवले होते. त्या बाईचे वांगे बहुधा त्या टेपरेकॉर्डरने केले होते. आणखी एक. स्वतःच्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाही, हे मी तोवर चार वर्षे कोर्टात दुसऱ्यांना सुनावत आले होते. ती चार माणसे माझे साक्षीदार होती. 'निळंच ना' असे मी त्यांना विचारले. समोरच्या बाजूला वकील असता तर त्याने जागच्या जागी हरकत घेतली असती. समोरच्या बाजूला तुम्ही होता.

दोन महिन्यांत दुकान थांबले. गिऱ्हाइके बसस्थानकाजवळच्या नव्या मेकॅनिककडे गेली. पाटी तुम्ही स्वतः उतरवलीत. घरी तुम्ही टीव्हीपुढे बसत असा, पण रंगाचे बटण शून्यावर. क्रिकेट असो, बातम्या असोत, सगळे काळेपांढरे. आई एकदा म्हणाली, "चांगला कलरचा टीवी हाये, काहून असं पाहता?" तुम्ही म्हणालात, "याच्यात भांडन नाई." मी तेव्हा शेजारच्या खोलीत होते. चार वर्षे तुम्ही तसा टीव्ही पाहिलात, मग गेलात. शेवटच्या आजारपणात तुम्ही माझ्याशी औषधांच्या वेळांव्यतिरिक्त काही बोलला नाहीत.

आता एम्युलेटर. आडव्या रेषा बसल्या, वायर बसली, प्रमाण बसले, पण आभाळ मात्र बसेना. पहिल्या दिवशी ते स्वच्छ निळे आले होते आणि मला, खोटे कशाला लिहू, बरे वाटले होते. मग एका दुपारी सेटिंगमध्ये 'पॅलेट', म्हणजे रंगसंच, अशा नावाची यादी दिसली. तिच्यात अकरा नावे होती. मी दुसरे निवडले आणि आभाळ जांभळे झाले. तिसरे निवडले, फिकट राखी. चौथे, पुन्हा निळे, पण गढूळ. मी पोरगीला फोन लावला.

"यातले खरे कोणते?"

"खरं असं नाहीच गं आत्या."

"म्हणजे? गेम बनवणाऱ्याने काहीतरी रंग ठरवला असेल."

"त्या मशीनमध्ये रंग लिहून ठेवलेलेच नसायचे. मशीन टीव्हीला फक्त नंबर सांगायचं, अमक्या नंबरची छटा काढ. ती कशी निघेल, ते टीव्हीवर. मग लोकांनी आपापल्या टीव्हीवर जशी दिसली तशी मोजून याद्या केल्या. त्यावरून इंटरनेटवर काय भांडतात, तुला कल्पना नाही. आभाळ निळं का जांभळं, यावरच जास्त."

"आणि कोण जिंकते?"

"कोणी नाही. कुठला टीव्ही होता ते आधी सांग, म्हणतात."

मी फोन ठेवला. तुम्ही हेच म्हणाला होता, बाबा. पाच शब्दांत. तुमचे संपूर्ण प्रतिपादन त्या एका प्रश्नात होते, आणि मी ते उडवाउडवी म्हणून फेटाळले. माझ्या युक्तिवादाचे पहिले विधान असे होते की या आभाळाला एक खरा रंग आहे आणि ज्याला तो दिसत नाही त्याची दृष्टी सदोष आहे. ते विधानच खोटे होते. त्यावर उभा केलेला निष्कर्ष कदाचित खरा असेलही. तुमची नजर मंदावली होती, तपकिरी आणि लाल तुम्हाला वेगळे करता येत नव्हते. पण लहान पट्टा वाचता न येणे वेगळे, आणि हातभर काचेवरचा रंग न कळणे वेगळे. ते दोन मी एक करून टाकले, आणि ते करताना मी काय करते आहे हे मला कळत होते. निष्कर्ष खरा असूनही युक्तिवाद खोटा असू शकतो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात.

मात्र एवढे लिहून मी तुमच्यावरचा आरोप मागे घेत नाही. सुटलेला जोड तुम्ही नऊ वेळा जोडायला लावलात. शिंप्याने शिलाई मशीनच्या वायरीला चुकीची टेप लावली म्हणून तुम्ही त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता. दुसऱ्याची लहानशी चूक खपवून घेणारा माणूस तुम्ही नव्हता. मग आयुष्यातली सर्वांत मोठी चूक तुमच्यासमोर, तुमच्याच मुलीकडून, तुमच्याच दुकानात होत असताना तुम्ही गाठ बांधत का बसलात? 'थांब, मास्तरचा टीवी लावू दे' एवढेच म्हणायचे होते. तुम्ही तो लावला असता तर मी चार माणसांत तोंडघशी पडले असते, म्हणून तुम्ही गप्प राहिलात, असे आई सांगे. ते खरे असेल तर तुम्ही माझ्यावर उपकार केलात, आणि तो मला विचारून केला नाहीत. त्याची परतफेड करण्याची एकही वाट तुम्ही मोकळी ठेवली नाहीत. मी पुढे पुष्कळ खटले जिंकले. त्यांतल्या प्रत्येकाच्या वेळी समोरचा वकील मुद्दाम गप्प तर बसलेला नाही ना, अशी शंका माझ्या मनात येत राहिली. हे तुम्ही मला दिलेत. ते टेस्टरपेक्षा टिकाऊ निघाले.

हे कागद मी कोणालाही दाखवणार नाही. पोरगीला दाखवले तर ती म्हणेल, आत्या, किती वर्षं झाली, सोड आता. आणि सोडण्याचा सल्ला मला कधीच मानवला नाही. तुमच्यापर्यंत ते जाणार नाहीत याची खात्री आहे, म्हणूनच एवढे नीट लिहिता आले. तुम्ही हयात असता तर मी एक ओळही लिहिली नसती, तुम्ही बोलण्याची वाट पाहिली असती.

एक बाब मात्र उरते आणि ती नोंदल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. काल दुपारी मी खिडकी लावून घेतली आणि अकराही पॅलेट एकामागून एक लावून पाहिले. अँटेनाची वायर, आडव्या रेषा, प्रमाण चारास तीन, बाकी सगळे तसेच ठेवून. सातव्याला माझा हात थांबला. हेच. दुकानातल्या टीव्हीवर त्या शनिवारी होते ते हेच आभाळ, शंका घ्यायला जागा नाही. मी वहीत 'सात' असा आकडा लिहिला आणि उजव्या रकान्यात परिणाम लिहिण्यासाठी पेन टेकवले. जांभळे. मग मला पेन उचलता येईना. जे आपण आधी पाहिलेच नाही ते ओळखू येत नाही. ती चार माणसे काचेकडे न पाहता बोलली होती. काचेकडे नीट पाहणारी दुकानात दोनच माणसे होती, आणि दोघांनाही एकच रंग दिसत होता. त्या दिवशी मला कोणी विचारले नाही. विचारले असते, तरी मी निळेच म्हटले असते.